वायफायचं ‘ऑटो’ चॅनल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनलच्या रकान्यात ‘ऑटो’ लिहिलेलं असतं. ते कोण ठरवतं, कधी ठरवतं आणि काय ऐकून ठरवतं, यावर या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : मोबाइलवरच्या ॲपमध्ये आजूबाजूचे चौदा राउटर दिसतात. सगळे १, ६ किंवा ११ वर आहेत. आमचा ‘ऑटो’वर आहे आणि त्याने ३ निवडलंय. ॲपच्या आलेखात ३ वर एकाही दुसऱ्या राउटरचं शिखर नाही, तरी व्हिडिओ अडकतो. मोकळं चॅनल मिळूनही असं का?

३ मोकळं नाहीच. आलेखातलं शिखर सोडून त्याच्या पायथ्याकडे बघा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये लागोपाठच्या दोन चॅनलांच्या मध्यबिंदूंत फक्त ५ मेगाहर्ट्झचं अंतर आहे आणि एका नेटवर्कला जागा लागते निदान २० मेगाहर्ट्झ. १ चा मध्य २४१२ वर आहे, म्हणजे त्याचा पसारा २४०२ ते २४२२. ६ चा मध्य २४३७, पसारा २४२७ ते २४४७. तुमच्या ३ चा मध्य २४२२ वर, पसारा २४१२ ते २४३२. म्हणजे तुमच्या नेटवर्कचा अर्धा भाग १ वाल्यांच्या जागेत आहे आणि पाव भाग ६ वाल्यांच्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. खरी अडचण पुढे आहे. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात. प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या तुकड्याच्या, सुरुवातीला ठरावीक नमुन्याची छोटी प्रस्तावना असते. ती उणे ८२ डीबीएमइतक्या (डीबीएम हे रेडिओच्या शक्तीचं माप; उण्याचा आकडा जितका मोठा तितका आवाज क्षीण) क्षीण आवाजात कानावर पडली तरी बाकीचे गप्प बसतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. वेग वाटला जातो, पण पॅकेट फुटत नाहीत. अर्धवट सरकलेल्या चॅनलवरून ती प्रस्तावना वाचताच येत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. आणि गोंगाटासाठी थांबायचं तर तो उणे ६२ डीबीएमइतका मोठा असावा लागतो. दोन्हींतला फरक २० डेसिबल, म्हणजे शंभरपट शक्ती. या दोन आकड्यांच्या मधल्या आवाजात शेजारी बोलत असला की तुमचा राउटर त्याच्या बोलण्यावर बोलतो, तो तुमच्या बोलण्यावर. दोघांचीही पॅकेट खराब होतात, दोघंही ती पुन्हा पाठवतात आणि गर्दी आणखी वाढते. रांगेत उभं राहिलात तर उशीर होईल एवढंच. दोन रांगांच्या मधे घुसलात तर दोन्हीकडून धक्के.

‘ऑटो’ने ३ निवडलं, कारण काही फर्मवेअर (राउटरच्या आतले प्रोग्राम) नुसतं ‘या क्रमांकावर किती नावं दिसली’ एवढंच मोजतात. ३ वर शून्य नावं, झालं. राउटरमध्ये ‘ऑटो’साठी चॅनलांची यादी मर्यादित करायची सोय असेल तर तिथे फक्त १, ६, ११ ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ती सोय नसेल तर ‘ऑटो’ बंद करून तिघांतलं एक हाताने लावा.

कोणतं, ते नावं मोजून ठरवू नका. उणे ८५ पेक्षाही क्षीण ऐकू येणारी पाच नावं तुम्हाला फारशी अडवत नाहीत. उणे ५० वर दिवसभर व्हिडिओ चालवणारा एकटा शेजारी अडवतो. काही राउटर आपल्या बीकनमधूनच (राउटर ठरावीक वेळाने ‘मी इथे आहे’ अशी जी घोषणा करतो तिच्यातून) चॅनल किती व्यापलंय ते ० ते २५५ या मापात सांगत असतात. ॲपमध्ये तो आकडा दिसत असेल तर तोच धरा : १२८ म्हणजे निम्मा वेळ चॅनल व्यापलेलं.

जिथे १३ पर्यंत चॅनल वापरता येतात तिथे १, ५, ९, १३ अशी चार चॅनल बरोबर २० मेगाहर्ट्झच्या अंतराने बसतात. कागदावर सुंदर दिसतं. पण आसपास सगळे १-६-११ वर असतील तर तुमचं ५ आणि ९ नेमकं दोन-दोन रांगांच्या मधे येतं. पूर्ण परिसर तुमच्या हातात असेल तरच हा मार्ग.

प्रश्न : राउटर बंद करून चालू केला की दुपारी झकास चालतो, संध्याकाळी पुन्हा रडारड. ‘ऑटो’ आहे तर संध्याकाळी तो स्वतःहून चॅनल का बदलत नाही?

बहुतेक घरगुती राउटर चॅनल एकदाच निवडतात, चालू होताना. ‘ऑटो’ म्हणजे अखंड पहारा असा समज आहे, पण ते त्या क्षणाचं एक छायाचित्र असतं. दुपारी शेजारी कामावर गेलेले असताना छायाचित्र काढलंत, तर त्यात संध्याकाळची गर्दी येणार कुठून?

आत काय घडतं ते एकदा जवळून बघू. लिनक्सवर चालणाऱ्या बऱ्याच राउटरांत हे काम होस्टएपीडी नावाचा प्रोग्राम करतो. कॉन्फिगरेशनमध्ये चॅनलच्या जागी शून्य असलं की तो चॅनलांवरून पाच फेऱ्या मारतो (पाच हा मूळ आकडा, बदलता येतो) आणि रेडिओ चिपकडून प्रत्येक चॅनलचे चार आकडे घेतो : किती वेळ ऐकलं, त्यातला किती वेळ हवेत काहीतरी चालू होतं, त्यातला किती वेळ आपणच बोलत होतो आणि गोंगाटाची किमान पातळी किती. समजा १०० मिलिसेकंद ऐकलं, ६२ मिलिसेकंद चॅनल व्यापलेलं होतं आणि त्यातले १० आपले स्वतःचे. मग परक्यांचा वापर ५२ भागिले ९०, म्हणजे साधारण ०.५८. या अपूर्णांकाला गोंगाटाच्या पातळीचं वजन लावलं जातं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आजूबाजूच्या चॅनलांचे आकडेही त्यात मिळवले जातात, म्हणजे वरच्या प्रश्नातली ‘३ मोकळं आहे’ ही फसगत होत नाही. शिवाय १, ६ आणि ११ च्या बेरजेला ०.८ ने गुणून त्यांना थोडं झुकतं माप दिलेलं असतं. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी ते चॅनल जिंकतं.

पद्धत चांगली आहे, पण ऐकण्याचा काळ तोकडा आहे. नेमका त्याच वेळी मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असेल तर २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास नुसता कल्लोळ दिसतो, ११ बाद ठरतं, आणि दोन मिनिटांनी ओव्हन बंद झाला तरी राउटर आठवडाभर गर्दीच्या चॅनलवर बसून राहतो. रेडिओचा ड्रायव्हर हे आकडेच देत नसेल तर निवड फसते आणि नेटवर्क सुरूच होत नाही. स्वतः फर्मवेअर बदलणाऱ्यांना हा अनुभव बऱ्याचदा येतो. त्यांनी चॅनल हाताने लावून पाहावं, नेटवर्क लगेच दिसलं तर दोष इथेच आहे.

सतत का ऐकत नाही? कारण रेडिओ एकच असतो. दुसरं चॅनल ऐकायचं तर आपलं सोडून जावं लागतं. बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी जातो. रेडिओ तेवढा वेळ बाहेर राहिला तर एक बीकन चुकतो, आणि त्या वेळात आलेलं फोन कॉलचं बोलणं एक तर उशिरा पोचतं किंवा पोचतच नाही. ऐकण्यासाठी वेगळा रेडिओ असलेले ॲक्सेस पॉइंट (हवेतून वायफाय देणारी खोकी) मिळतात, ते हे काम खुशाल करू शकतात.

तुमच्यासाठी उपाय फुकटचा आहे : गर्दी जेव्हा सगळ्यांत जास्त असते तेव्हा राउटर बंद करून चालू करा, ओव्हन आणि ब्लूटूथचा पसारा बंद ठेवून. दोन-तीन संध्याकाळी केलंत आणि प्रत्येक वेळी एकच चॅनल आलं, तर तेच हाताने कायम करा.

प्रश्न : तीन मजली इमारतीत केबलने जोडलेले सहा ॲक्सेस पॉइंट आहेत, प्रत्येक मजल्यावर दोन. सगळे ‘ऑटो’वर, दर तासाला तपासणी चालू. नोंदी पाहिल्या तर दोन ॲक्सेस पॉइंट दिवसभर १ वरून ६ वर, ६ वरून १ वर उड्या मारतात. कॉल तुटतात. कंपनीचे लोक म्हणतात, ‘ऑटो’ आहे, बरोबरच करत असेल.

प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबरच करतोय, आणि म्हणूनच एकूण चुकतंय. अरुंद वाटेत समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच वेळी एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला, तसं. दोघंही १ वर आहेत; दोघांनाही १ भरलेलं आणि ६ मोकळं दिसतं; घड्याळ एकच, म्हणून दोघंही एकदमच ६ वर जातात. पुढच्या तासाला ६ भरलेलं दिसतं.

यावर उतारे तीन. तपासणीची वेळ प्रत्येकाची वेगळी आणि थोडी यदृच्छ ठेवणं. नवं चॅनल नुसतं चांगलं नको, ठरावीक फरकाने चांगलं असेल तरच हलणं. आणि निर्णय प्रत्येकाच्या हातून काढून एका नियंत्रकाकडे देणं, जो सगळ्यांचे कानोसे एकत्र करून नकाशा मांडतो. व्यावसायिक यंत्रणा तिसरा मार्ग घेतात, पण कितीदा हलायचं यात त्यांचंही एकमत नाही. सिस्कोच्या नियंत्रकात चॅनल-वाटपाचा मूळ कालावधी १० मिनिटांचा असतो. अरुबाची एअरमॅच पद्धत दिवसभराची माहिती गोळा करून रोज एकदाच, मूळ सेटिंगप्रमाणे पहाटे ५ वाजता, नवी मांडणी लावते. आमचा कौल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. भिंती रोज हलत नाहीत, मग चॅनल दर दहा मिनिटांनी कशाला हलवायचं?

सहा ॲक्सेस पॉइंटसाठी नियंत्रक नसला तरी चालेल. २.४ गिगाहर्ट्झची मांडणी हाताने अशी करा : तळमजल्यावर डावीकडे १, उजवीकडे ६, पहिल्या मजल्यावर डावीकडे ११, उजवीकडे १, दुसऱ्या मजल्यावर डावीकडे ६, उजवीकडे ११. आता डावा स्तंभ खालून वर वाचा : १, ११, ६. उजवा : ६, १, ११. डोक्यावर किंवा बाजूला कुठेच एक चॅनल दोनदा येत नाही. सारखी चॅनल येतात ती फक्त तिरकी, मधे स्लॅब आणि आडवं अंतर दोन्ही असताना. ६ ची जोडी तर दोन मजले दूर आहे. नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे १९७६ मध्ये सिद्ध झालं, पण ते सपाट कागदावरच्या नकाशासाठी. रेडिओ स्लॅबमधून वर-खाली जातो आणि आपल्याकडे रंग तीनच आहेत. त्यामुळे मोठ्या इमारतीत कुठेतरी तडजोड होणारच; ती कमी वापराच्या कोपऱ्यात ढकलायची.

शक्तीही बघा. सहाही ॲक्सेस पॉइंट पूर्ण जोराने ओरडत असतील तर कोणतीही मांडणी फुकट जाते. २.४ चा रेडिओ ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओपेक्षा साधारण ६ डेसिबलने खाली ठेवा, म्हणजे दोन्हींचं क्षेत्र जवळपास सारखं होतं आणि फोन आपणहून ५ कडे वळतात. तरीही एकमेकांना उणे ६५ पेक्षा जोरात ऐकू येणारे तीनहून जास्त ॲक्सेस पॉइंट उरले, तर एखाद्याचा २.४ रेडिओ सरळ बंद करा. हे सांगितलं की लोक दचकतात, पण कमी रेडिओंनी जागा जास्त चांगली चालते.

कॉल तुटण्याबद्दल : चॅनल बदलताना ॲक्सेस पॉइंट आधी काही बीकनमधून ‘इतक्या बीकनांनंतर अमुक चॅनलवर जातोय’ अशी घोषणा करतो. नवे फोन मागोमाग जातात. जुनी उपकरणं ही घोषणा वाचत नाहीत. त्यांच्या दृष्टीने नेटवर्क गायबच होतं आणि ती पुन्हा शोधत बसतात. म्हणून ‘ऑटो’ ठेवलंत तरी बदल वापर नसेल अशा वेळी होऊ द्या.

प्रश्न : ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क अधूनमधून मिनिटभर नाहीसं होतं. परत येतं तेव्हा चॅनल कधी ३६, कधी १००.

रडार. ५२ ते १४४ ही चॅनल हवामानाच्या आणि लष्करी रडारांसोबत वाटून घ्यावी लागतात, आणि त्यात वायफाय पाहुणा आहे. या चॅनलांवर नेटवर्क सुरू करण्याआधी राउटरला ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. युरोपीय नियमांत हवामान रडारांच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात (चॅनल १२०, १२४, १२८) हीच मुदत १० मिनिटांची आहे. चालू असताना रडारचे स्पंद ऐकू आले तर १० सेकंदांत चॅनल सोडायचं आणि ३० मिनिटं तिथे परतायचं नाही. तुमचा राउटर ३६ वर पळतो, कारण तिथे ऐकत बसायची अट नाही. अर्ध्या तासाने ‘ऑटो’ला १०० पुन्हा मोकळं दिसतं, तो मिनिटभर गप्प बसून तिथे जातो. तीच तुमची हरवलेली मिनिटं.

राउटरच्या नोंदींत रडार सापडल्याचा उल्लेख शोधा. आठवड्यात एक-दोनदा येत असेल तर तसंच राहू द्या; ही चॅनल बहुधा शांत असतात, तो फायदा मोठा आहे. रोज येत असेल तर ‘ऑटो’च्या यादीतून ५२ ते १४४ काढून टाका आणि ३६ ते ४८, किंवा परवानगी असेल तिथे १४९ ते १६१, एवढंच ठेवा. प्रत्येक वेळी खरंच रडार असतं असंही नाही. शेजारच्या रेडिओचे तुटक स्फोटही कधी रडारसारखे वाटतात.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रुंदी १६० केलीत तर ३६ वर बसलेलं नेटवर्कही ६४ पर्यंत पसरतं, म्हणजे अर्धं रडारच्या पट्ट्यात जातं. ‘मी तर ३६ वर आहे’ असं म्हणून उपयोग नाही.

प्रश्न : नवा राउटर १३ वर गेला आणि प्रिंटरला नेटवर्क दिसेनासं झालं. फोनला दिसतं.

प्रिंटर ११ पर्यंतच्याच प्रदेशासाठी बनलेला आहे, किंवा त्याचा देश तसा लावलेला आहे. ‘ऑटो’च्या यादीतून १२ आणि १३ काढा. प्रिंटर, दारावरचे कॅमेरे, स्वस्त स्मार्ट प्लग सगळ्यांचं हेच. ५ गिगाहर्ट्झमध्ये काही जुनी उपकरणं रडारवाली चॅनलही बघत नाहीत.

प्रश्न : घरातले दिवे झिगबीवर (स्मार्ट उपकरणं जोडणारी कमी शक्तीची रेडिओ पद्धत) चालतात. वायफायने चॅनल बदललं की काही दिवे आज्ञा ऐकेनासे होतात. दोन्हींचा काय संबंध?

दोघंही २.४ गिगाहर्ट्झमध्येच राहतात, फक्त घरांचे क्रमांक वेगवेगळ्या पद्धतीने टाकलेत. झिगबीची चॅनल ११ ते २६, प्रत्येकी सुमारे २ मेगाहर्ट्झ रुंद, ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने. झिगबीचं ११ म्हणजे २४०५ मेगाहर्ट्झ. वायफायच्या ११ शी त्याचा काही संबंध नाही, आणि या नावसारखेपणाने बरेच जण चुकतात.

वायफाय १-६-११ वर असेल तर मधे दोन फटी राहतात आणि वर थोडी जागा. झिगबीचं १५ (२४२५) पहिल्या फटीत बसतं, २० (२४५०) दुसऱ्या फटीत, २५ आणि २६ (२४७५ आणि २४८०) सगळ्यांच्या वर. राउटर ‘ऑटो’ने ३ वर गेला की १५ वाल्या दिव्यांच्या बरोबर डोक्यावर बसतो. झिगबीचा दिवा वायफायपुढे कुजबुजतो, त्यामुळे झळ त्यालाच लागते. वायफायला पत्ताही लागत नाही.

झिगबीचं चॅनल बदलणं कटकटीचं असतं, काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. म्हणून वायफायला बांधा : १, ६, ११ एवढीच यादी, रुंदी २०, कधीही ४० नाही. आणि झिगबीचा डोंगल संगणकाच्या यूएसबी ३ च्या भोकात थेट खोचलेला असेल तर आधी तो मीटरभर वायरने दूर न्या. यूएसबी ३ स्वतःच २.४ मध्ये गोंगाट करतं. कधी कधी चॅनलचा काही दोषच नसतो, ही वायर लावली की काम होतं.

प्रश्न : राउटरच्या पानावर चॅनलचा वापर फक्त १५ टक्के दिसतो, पण आतल्या खोलीत वेग मिळत नाही. राउटर खोटं बोलतो का?

खोटं नाही, त्याला तेवढंच ऐकू येतं. राउटर दिवाणखान्यात आहे. आतल्या खोलीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा राउटर. तुमच्या फोनला दोन्ही ऐकू येतात, पण ते दोघं एकमेकांना ऐकत नाहीत. त्यामुळे ते एकाच वेळी बोलतात आणि फोनच्या कानात दोन्हींची सरमिसळ होते. राउटरच्या जागेवरून केलेली कोणतीही स्वयंचलित निवड हे पकडू शकत नाही.

८०२.११के या मानकात ॲक्सेस पॉइंट फोनलाच विचारू शकतो, ‘तुला तिथून कोण कोण ऐकू येतं?’ मोठ्या यंत्रणा ही उत्तरं वापरू शकतात. घरी तुम्हीच फोन घेऊन आतल्या खोलीत उभे राहा, तिथे सगळ्यांत जोरात ऐकू येणारं परकं नेटवर्क कोणत्या चॅनलवर आहे ते बघा आणि आपल्याला १-६-११ पैकी दुसरं लावा.

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी कार्यालयात कोणी नसताना चॅनलचा वापर ४० टक्के दिसतो. चोर आहे का कोणी?

चोर नाही, तुमची नेटवर्कची नावं आहेत. कर्मचारी, पाहुणे, कॅमेरे, छपाई अशी चार नावं आणि एकाच चॅनलवर ऐकू येणारे चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे सोळा वेगळे बीकन. एक बीकन साधारण ३०० बाइटचा. २.४ मध्ये तो बऱ्याचदा सगळ्यांत मंद, १ मेगाबिटच्या वेगाने जातो : २४०० बिटांना २.४ मिलिसेकंद, वर प्रस्तावनेचे ०.१९. सेकंदाला जवळपास दहा वेळा म्हणजे २५ मिलिसेकंद, अडीच टक्के. सोळांचे ४० टक्के. एकही माणूस काही उघडत नसताना.

१, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे जुने वेग बंद करून किमान वेग ६ केलात तर तोच बीकन ०.४२ मिलिसेकंदांत संपतो आणि सोळांचे मिळून साडेसहा-सात टक्के होतात. जुनं एखादं उपकरण, बारकोड वाचणारं वगैरे, फक्त जुन्याच वेगांवर चालतं का ते आधी तपासा. नावंही दोन-तीनच्या वर ठेवू नका. हे केल्याशिवाय ‘ऑटो’ला दोष देण्यात अर्थ नाही; तो बिचारा तुमच्याच बीकनांपासून पळत असतो.

प्रश्न : मेशच्या (अनेक खोकी मिळून एकच नेटवर्क देतात त्या रचनेच्या) प्रत्येक खोक्याला वेगळं चॅनल का लावता येत नाही?

खोकी एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर त्यांना एकाच चॅनलवर भेटावं लागतं. म्हणून सगळा मेश एकत्रच हलतो. मधल्या जोडणीसाठी वेगळा रेडिओ असेल किंवा मागे केबल असेल तर फोनसाठीची चॅनल वेगळी ठेवता येतात. एकाच रेडिओचा रिपीटर मात्र तेच पॅकेट त्याच चॅनलवर दोनदा बोलतो; वेग निम्म्यावर येतो, तो कोणत्याही निवडीने भरून निघत नाही.

प्रश्न : ५ गिगाहर्ट्झला रुंदी २०, ४०, ८० की १६०? ‘ऑटो’ ८० धरतो.

एकट्या घरात ८० ठीक. दाटीच्या इमारतीत ४०, आणि पंचवीस-तीस ॲक्सेस पॉइंट असलेल्या जागी २०. रुंदी दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट गोळा होतो, म्हणजे ३ डेसिबलचा तोटा. दूरच्या खोलीत तो आधी जाणवतो. रडारचा पट्टा सोडला तर ८० चे तुकडे जेमतेम दोनच उरतात, ३६-४८ आणि १४९-१६१. तेच ४० केले तर चार.

शेजाऱ्याचा ८० चा तुकडा वाटून घ्यावाच लागला तर आपलं प्राथमिक (ज्यावर बीकन जातो ते) २० मेगाहर्ट्झचं चॅनल त्याच्याच प्राथमिक चॅनलवर ठेवा. प्राथमिक चॅनलवर रेडिओचे कान तीक्ष्ण असतात, बाकीच्या भागात बरेच मंद. तो ३६ वर आणि तुम्ही ४८ वर बसलात तर दोघंही एकमेकांवर बोलत राहाल आणि दोघांच्याही ॲपमध्ये चॅनल वेगवेगळी दिसतील.

प्रश्न : वायफाय ६ मध्ये रंगांची सोय आहे म्हणे. मग चॅनलची काळजी संपली?

नाही. प्रत्येक नेटवर्क पॅकेटच्या सुरुवातीला १ ते ६३ पैकी एक रंग-क्रमांक लावतं. परक्या रंगाचं क्षीण बोलणं ऐकू आलं तर राउटर न थांबता, आपला आवाज थोडा कमी करून बोलू शकतो. दोन्ही बाजूंना ही सोय असेल आणि ती चालू असेल तरच. शेजाऱ्याचा जुना राउटर रंग लावतच नाही.

प्रश्न : चॅनल बदलल्यावर फायदा झाला की नाही हे कसं ओळखायचं? वेगाची चाचणी दर वेळी वेगळा आकडा देते.

ती चाचणी इंटरनेटची आहे, तिच्यात बाहेरची गर्दीही येते. हवेतला फरक मोजायचा तर राउटरलाच पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. एकच लॅपटॉप, एकच खुर्ची, गर्दीची वेळ. राउटरच्या पत्त्यावर २०० पिंग पाठवा आणि सरासरीकडे दुर्लक्ष करून दोन आकडे लिहा : सगळ्यांत वाईट वेळ आणि किती हरवले. चॅनल बदला, पाच मिनिटं थांबा, म्हणजे सगळी उपकरणं परत जोडली जातील, आणि पुन्हा २०० पाठवा. मग पहिल्या चॅनलवर परत जाऊन तिसऱ्यांदा मोजा. ही तिसरी मोजणी लोक टाळतात. पण दरम्यान शेजाऱ्यानेच टीव्ही बंद केला असेल तर ते इथेच कळतं. सरासरी २ मिलिसेकंद आणि सगळ्यांत वाईट ४०० असेल तर चॅनलवर धक्काबुक्की चालू आहे. सगळ्यांत वाईट २०-३० वर आलं आणि एकही हरवलं नाही, तर क्रमांक लिहून ठेवा आणि ‘ऑटो’ बंद करा.